खिशातली वही आणि बत्तीस कॅमेरे

रेल्वेच्या यार्डात एक मोटार बेवारस उभी आहे. पुढची सीट रक्ताने माखलेली, आणि मालकाचा पत्ता नाही. आसपास जमिनीवर एक चष्मा पडलाय, एक पाकीट, आणि रक्ताचे डाग असलेला लोखंडी नळीचा तुकडा. डिटेक्टिव्ह कोल फेल्प्स वाकतो, एकेक वस्तू उचलतो, हातात धरून इकडून तिकडून फिरवून पाहतो. चष्म्यावर बनवणाऱ्याचं नाव आहे. नळीवर पाणी तापवायच्या बंबाच्या कंपनीचा शिक्का आहे. मग तो डिकी उघडतो. आत एक पावती. जिवंत डुकराच्या खरेदीची.

रक्त नक्की कुणाचं, हा प्रश्न तोवर कुणी विचारलेलाच नसतो. बेपत्ता माणसाच्या घरी जावं तर बायको हवालदिल होऊन बसलेली. घराला वळसा घालून पाहावं तर बंब तिथेच, आणि त्याची नळी तोडलेली. मग रेल्वेचं तिकीट सापडतं, एका परस्त्रीसोबतचा फोटो सापडतो, एका बारचा पत्ता लागतो, आणि हळूहळू उमगतं की मेलेला माणूस मेलेलाच नाही. संसाराला कंटाळून त्याने मित्राच्या मदतीने स्वतःचा खून रचलाय आणि त्याच मित्राच्या खोलीत दडून बसलाय. शेवटी थोडी पळापळ आहे, पण सगळा उलगडा झालेला असतो तो एका पावतीने, एका नळीने आणि एका चष्म्याने.

'एल. ए. न्वार' या व्हिडिओ गेममधलं हे एक प्रकरण. हा खेळ मे २०११मध्ये प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६०वर आला, त्याच वर्षाच्या अखेरीस पीसीवर. प्रकाशक 'ग्रँड थेफ्ट ऑटो'वाले रॉकस्टार गेम्स, आणि बनवणारा ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचा 'टीम बॉन्डाय' हा स्टुडिओ. खेळ घडतो १९४७च्या लॉस एंजेलिसमध्ये. दुसऱ्या महायुद्धात ओकिनावाच्या लढाईत शौर्यपदक मिळवून परतलेला फेल्प्स पोलीस खात्यात शिपाई म्हणून सुरुवात करतो आणि वाहतूक, खून, अनैतिक व्यवसाय, जाळपोळ अशा विभागांतून फिरत जातो. नोव्हेंबर २०१७मध्ये हाच खेळ निन्टेन्डो स्विच, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनसाठी रीमास्टर होऊन पुन्हा बाजारात आला. पूर्वी वेगळी विकली गेलेली जादा प्रकरणंही त्यात एकत्र मिळाली. अलीकडे मी ही नवी आवृत्ती स्विचवर शेवटपर्यंत खेळलो. जे जुनं झालं असेल असं वाटलं होतं ते ताजं निघालं, आणि ज्याची २०११मध्ये सगळ्यात जास्त वाहवा झाली होती तेच शिळं झालंय.

आधी रीमास्टर म्हणजे काय, हे सांगायला हवं, कारण रीमेक आणि रीमास्टर या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते. रीमेकमध्ये खेळ मुळापासून पुन्हा बांधतात. १९९८चा 'रेसिडेंट ईव्हिल २' २०१९मध्ये असा नव्याने बांधला गेला: कॅमेरा बदलला, नट बदलले, इमारतीचा नकाशाही बदलला. रीमास्टरमध्ये खेळाचा सांगाडा तोच राहतो. भिंतींवरचे, कपड्यांवरचे पृष्ठभाग अधिक बारकाईने रंगवतात, प्रकाश-सावल्यांचं गणित सुधारतात, आणि सगळं नव्या यंत्रावर चालेल असं करून देतात. 'एल. ए. न्वार'ची मूळ प्रतिमा १२८० गुणिले ७२० ठिपक्यांची होती. प्लेस्टेशन ४ प्रो आणि एक्सबॉक्स वन एक्सवर ती ३८४० गुणिले २१६० झाली, म्हणजे बरोबर नऊपट ठिपके. स्विच टीव्हीला जोडला तर १०८०, हातात धरून खेळलात तर ७२०. स्विचच्या छोट्या पडद्यावर बोटाने टिचकी मारून फेल्प्सला चालवता येतं, पुरावा हातात घेऊन मनगट वळवलं की पडद्यावरची वस्तूही वळते. हे मला गंमत म्हणून वाटलं होतं, पण काडीपेटीच्या मागच्या बाजूला लिहिलेला मजकूर शोधताना खरोखरच मजा येते.

आता चेहऱ्यांकडे वळू. २०११मध्ये या खेळाची सगळी जाहिरात चेहऱ्यांवर होती. तोवर बहुतेक व्हिडिओ गेममधली माणसं बोलताना ओठांची उघडझाप करायची, एवढंच. टीम बॉन्डायचे प्रमुख ब्रेंडन मॅकनामारा यांनी 'डेप्थ ॲनालिसिस' ही भगिनी कंपनी काढून 'मोशनस्कॅन' नावाचं तंत्र तयार करवलं. झगझगीत उजेडाच्या खोलीत एक खुर्ची, तिच्याभोवती ३२ कॅमेरे, जोड्या-जोड्यांनी लावलेले. दोन डोळ्यांमुळे आपल्याला जशी खोली कळते तशी प्रत्येक जोडी चेहऱ्याचा उंचसखलपणा मोजणार. नट खुर्चीत बसून, केशरचना आणि रंगभूषा करून, डोकं फार न हलवता संवाद म्हणणार. चेहऱ्यावर ठिपके चिकटवण्याची गरज नाही. भुवईची हालचाल, गिळलेला आवंढा, ओठाची थरथर, सगळं त्रिमितीत जसंच्या तसं टिपलं जाणार. फेल्प्सच्या भूमिकेत 'मॅड मेन' या मालिकेतला ॲरन स्टेटन आहे, बिल्डर लेलँड मन्रोच्या भूमिकेत जॉन नोबल. चारशेहून अधिक नटांना त्या खुर्चीत बसवलं गेलं. माहितीचा साठा एवढा झाला की एक्सबॉक्स ३६०साठी खेळ तीन डिस्कवर द्यावा लागला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ट्रायबेका चित्रपट महोत्सवाने आपल्या अधिकृत निवडीत पहिल्यांदा एखादा व्हिडिओ गेम घेतला, तो हाच.

एवढं असून मोशनस्कॅन पुढे रुजलं नाही. त्याचं कारण तंत्रातच आहे. आज मोठ्या खेळांत नटाच्या डोक्याला छोटा कॅमेरा बांधतात, त्याच्या हालचाली मोजतात आणि त्या मोजमापांवर संगणकातला चेहरा कळसूत्री बाहुलीसारखा हलवतात. दोरी हातात असल्यामुळे नंतर बदल करता येतो, भुवई थोडी कमी उचलता येते, तोच अभिनय दुसऱ्या चेहऱ्यावर चढवता येतो. मोशनस्कॅनमध्ये दोरी नाहीच. ते चित्रीकरण आहे. जे टिपलं ते टिपलं. शिवाय चेहरा एका जागी बसून टिपलेला आणि धडाची हालचाल वेगळी नोंदवलेली, त्यामुळे मान जिवंत आणि खांदे लाकडी, असं विचित्र दृश्य दिसतं. २०११च्या धूसर पडद्यावर हे खपून गेलं. रीमास्टरने कोटाची वीण स्पष्ट केली, टोपीवरचं पावसाचं पाणी चमकवलं, रस्त्यावरचा उजेड सुंदर केला. चेहऱ्यांची मूळ नोंद मात्र पुन्हा करता येणारच नव्हती. परिणामी सुटाबुटातल्या नव्या माणसाच्या मानेवर जुना चेहरा बसवल्यासारखं वाटतं. मोठ्या टीव्हीवर ते जास्त खटकतं. माझ्या मते हा खेळ आज लहान पडद्यावरच जास्त चांगला दिसतो.

पण चेहऱ्यांचा खरा घोटाळा दिसण्यात नाही, त्यांच्यावर टाकलेल्या कामात आहे. खेळाचा गाभा म्हणजे चौकशी. साक्षीदार किंवा संशयित समोर बसतो. फेल्प्सच्या खिशातल्या वहीत नावं, ठिकाणं आणि सापडलेल्या वस्तू नोंदलेल्या असतात. वही उघडून आपण प्रश्न निवडायचा, उत्तर ऐकायचं, मग समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहायचं. तो नजर चोरतोय का? ओठ चावतोय का? पाहून ठरवायचं आणि तीनपैकी एक बटण दाबायचं. २०११च्या आवृत्तीत ही बटणं होती: खरं बोलतोय, शंका आहे, खोटं बोलतोय. खोटं म्हटलं तर वहीतून पुरावा काढून त्याच्या तोंडावर टाकावा लागतो. पुरावा नसेल तर शंका.

ही रचना ऐकायला चोख वाटते. खेळताना मात्र भलतंच व्हायचं. नवरा गेल्याच्या दुःखात बसलेली बाई काहीतरी सांगते. आपल्याला वाटतं, हिने एखादा तपशील वगळला असावा. म्हणून आपण सौम्यपणे शंकेचं बटण दाबतो. आणि फेल्प्स टेबलावर झुकून तिच्या अंगावर असा काही खेकसतो की आपणच दचकतो. पुढच्या वाक्याला पुन्हा आवाज मवाळ. या माणसाच्या डोक्यावर परिणाम झालाय की काय, असं खेळणाऱ्यांना वाटायचं. इंटरनेटवर या बटणावरून विनोदांचं पीक आलं. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर शंकेसाठी 'एक्स' दाबायला लागायचं; तो 'एक्स दाबा आणि शंका घ्या' विनोद हा खेळ कधीही न पाहिलेली मुलंसुद्धा आज वापरतात.

घोटाळ्याचं मूळ असं की संवाद लिहिले आणि चित्रित केले गेले तेव्हा बटणं वेगळी होती. चुचकारा, दरडावा, आरोप करा, असा तो मूळ आराखडा होता. नटांनी अभिनय केला तो या सूचनांनुसार. बटणांची नावं नंतर बदलली, आणि 'दरडावा'च्या जागी 'शंका' आली. आणि चेहऱ्यांची नोंद तर पक्की, परत फिरवता न येणारी. मग नाव एक आणि करणी दुसरी. २०१७च्या रीमास्टरमध्ये ही चूक सहा वर्षांनी दुरुस्त झाली. नवी बटणं आहेत: चांगला पोलीस, वाईट पोलीस, आरोप. आता फेल्प्स खेकसला तर तक्रार करायला जागा नाही, खेकसायला तुम्हीच सांगितलं.

हा बदल मला सगळ्या नव्या ठिपक्यांपेक्षा मोलाचा वाटतो. तरी तो अर्धाच आहे. वरची पाटी बदलली, आतलं यंत्र जुनंच राहिलं. चांगला पोलीस हे उत्तर 'बरोबर' ठरतं ते समोरचा खरं बोलत असेल तेव्हाच. आणि समोरचा खरं बोलतोय की नाही, हे अजूनही तुम्ही त्याच्या चेहऱ्यावरूनच ओळखायचं. चुकलात तर पियानोचे उतरते सूर वाजतात, जमलं तर चढते. म्हणजे खेळाचा मूळ विश्वास शाबूत: खाई त्याला खवखवे, आणि ती खवखव चेहऱ्यावर दिसते.

दिसते का खरंच? या प्रश्नावर मानसशास्त्रात भरपूर काम झालंय. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६मध्ये तोवरच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात चोवीस हजारांहून अधिक माणसांनी केलेल्या पारखी होत्या. खरं आणि खोटं वेगळं ओळखण्यात माणसं सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर ठरली. नाणं उडवलं असतं तर ५० टक्के मिळाले असते. रोजचा धंदाच माणसं पारखण्याचा असलेले पोलीस वगैरे लोकही यात सामान्यांपेक्षा लक्षणीय सरस निघाले नाहीत. नजर चोरणारा खोटा असतो, हा समज तर जगभर आहे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, ७५ देशांतल्या लोकांना विचारून केलेल्या पाहणीत खोटं बोलणाऱ्याचं लक्षण म्हणून सगळ्यात जास्त वेळा हेच सांगितलं गेलं. प्रत्यक्ष मोजमापात नजर चोरणं आणि खोटं बोलणं यांचा भरवशाचा संबंध सापडत नाही. लाजाळू माणूस नजर चोरतो, घाबरलेला चोरतो, आणि मुरलेला लबाड डोळ्यांत डोळे घालून बोलतो.

खेळ बनवणाऱ्यांपुढे अडचण होती ती उघड आहे. खोटारडा खऱ्या आयुष्यासारखा निर्विकार बसला तर खेळणारा वैतागून कंट्रोलर आपटेल. म्हणून नटांनी खुणा ठळक केल्या. डोळे इकडून तिकडे, घशाखाली आवंढा, चुळबुळ. बत्तीस कॅमेऱ्यांनी सूक्ष्मातलं सूक्ष्म टिपायची सोय केली आणि टिपलं ते नाटकातल्या शेवटच्या रांगेला दिसेल असं. काही तास खेळल्यावर आपण माणसं वाचत नाही, खुणा मोजतो. तेव्हाच या चेहऱ्यांची जादू ओसरते.

याच चौकशीत वही मात्र टिकून राहते. कसं, ते सांगतो. तिसऱ्या बटणाला, म्हणजे आरोपाला, पुरावा लागतो. समोरच्याचं विधान आणि वहीतली नोंद यांच्यात विसंगती कुठे आहे, हे तुम्हाला स्वतःला जुळवावं लागतं. इथे चेहरा उपयोगाचा नाही. डुकराची पावती, नळीवरचा शिक्का, तिकिटावरचं गाव, यांच्याशी त्या माणसाचं बोलणं ताडून पाहायचं. आणि चौकशीचं शास्त्र नेमकं हेच सांगतं. मारिया हार्टविग आणि पॅर आंदर्स ग्रानहाग यांनी स्वीडनमध्ये पोलीस प्रशिक्षणार्थींवर एक प्रयोग केला, तोही २००६मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला शिकवलं की हातातला पुरावा आधी दाखवू नका. माणसाला मोकळेपणाने बोलू द्या, मग त्याचं बोलणं पुराव्याशी कुठे अडखळतं ते पाहा. या गटाचे अंदाज ८५ टक्क्यांच्या आसपास बरोबर आले. न शिकवलेल्या गटाचे ५६ टक्के. चेहऱ्यावर काय दिसतं यापेक्षा वहीत काय लिहिलंय आणि ते कधी बाहेर काढलं, याने फरक पडला.

खेळातही पटाईत लोक हेच करतात, थोडी लबाडी मिसळून. आरोपाचं बटण दाबलं की संशयित चिडून विचारतो, पुरावा काय? त्याच्या त्या उलट्या प्रश्नातच नक्की कोणता पुरावा हवा याचा सुगावा असतो. पुरावा हाती नसेल तर आरोप मागे घ्यायची मुभा आहे. खऱ्या पोलीस ठाण्यात अशी सोय असती तर काय, हा विचार मनात येतोच. जाता जाता एक गोष्ट. गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क आरोपीला सांगितलाच पाहिजे, हा अमेरिकेतला मिरांडा निकाल १९६६चा. फेल्प्सच्या काळात ते बंधन नव्हतं, त्यामुळे खेळात कबुलीजबाबावर सगळी भिस्त. आपल्याकडे पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हे १८७२च्या पुरावा कायद्यापासून आहे. कबुलीतून एखादी वस्तू हाती लागली तर तेवढ्यापुरती गोष्ट वेगळी. म्हणजे मराठी वाचकाला या खेळातली 'कबुली आली, फाईल बंद' ही घाई जरा विचित्र वाटू शकते.

त्या घाईची पुरेपूर किंमत खेळ खून विभागात वसूल करतो, आणि तिथेच तो मोठा होतो. पार्श्वभूमी खरी आहे. १५ जानेवारी १९४७ रोजी लॉस एंजेलिसच्या लायमर्ट पार्क भागात एलिझाबेथ शॉर्ट या २२ वर्षांच्या तरुणीचा छिन्नविच्छिन्न मृतदेह सापडला. वर्तमानपत्रांनी तिला 'ब्लॅक डेलिया' म्हटलं. तो खून आजतागायत उलगडलेला नाही. खेळातले खून या घटनेच्या सावलीत घडतात. एकामागून एक बायका मारल्या जातात आणि प्रत्येक प्रकरणात दोन संशयित पुढे येतात.

'द गोल्डन बटरफ्लाय' या प्रकरणात पहिला संशयित मृत स्त्रीचा नवरा ह्यूगो मोलर, ही भूमिका ग्रेग ग्रुनबर्गने केलीय. दुसरा ईलाय रूनी, लहान मुलांवर अत्याचार केल्याचा इतिहास असलेला माणूस. नवऱ्याविरुद्ध पुरावा भक्कम दिसतो. बायकोशी भांडणं, आणि फेल्प्स घरी पोहोचतो तेव्हा तो परसात रक्ताळलेले बूट जाळतोय. पण खून विभागाच्या कॅप्टनला रूनी हवाय. असला माणूस रस्त्यावर नको, एवढाच त्याचा हिशेब. तुम्ही पुराव्याच्या बाजूने गेलात, नवऱ्यावर आरोप ठेवलात, तर कॅप्टन झापतो आणि प्रकरणाच्या शेवटी गुण म्हणून मिळणारे तारेही कमी होतात. रूनीला अडकवलंत तर शाबासकी. पुढे काही प्रकरणांनंतर कळतं की दोघांपैकी कुणीच खून केला नव्हता. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायचं, एवढाच पर्याय तुमच्यापुढे ठेवला होता. दोन्ही दारं चुकीचीच होती. खरा खुनी कोण ते सांगत नाही, पण त्याचे लागेबांधे वरपर्यंत असल्यामुळे तो कोण होता हे जगाला कळू न देण्याची व्यवस्था होते.

२०११मध्ये अनेकांनी हे फसवणूक म्हणून धरलं. डिटेक्टिव्हच्या खेळात मी बरोबर निवडलं तरी चूक कसं ठरतं, असा राग. मला उलट वाटतं. बहुतेक डिटेक्टिव्ह खेळ तुम्हाला शेरलॉक होम्स करतात. हा खेळ तुम्हाला खात्यातला माणूस करतो, ज्याच्यावर वरून दबाव आहे, ज्याला बढती हवीय आणि ज्याच्या समोर वाईट चालीचा एक सोयीस्कर माणूस बसलाय. पाच तारे मिळाल्यावर पोटात खड्डा पडेल अशी ही रचना आहे. चेहऱ्यावरून सत्य कळतं, हा आपलाच दावा खेळाने इथे स्वतः मोडीत काढलाय, जाणूनबुजून असो वा नसो. पाच प्रकरणांत पाच जण तुमच्यासमोर चुळबुळ करतात, घाम गाळतात, नजर चोरतात, आणि पाचही जण त्या खुनांपुरते निर्दोष.

त्या काळच्या लॉस एंजेलिस पोलीस खात्याची कीर्ती पाहता हे अतिशयोक्त नाही. ब्रेंडा ॲलन ही कुंटणखाना चालवणारी बाई आणि अनैतिक व्यवसाय विभागातले अधिकारी यांचं साटंलोटं १९४९मध्ये चव्हाट्यावर आलं आणि पोलीस प्रमुखांना खुर्ची सोडावी लागली. खेळातला उत्तरार्ध याच वळणाने जातो: चोरीला गेलेलं लष्करी मॉर्फिन, युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी बांधलेली तकलादू घरं, लोकांची घरं जाळून जमिनी मोकळ्या करणारे बिल्डर, आणि सगळ्यांच्या पंगतीला बसलेले अधिकारी. जमीन, बिल्डर आणि सरकारी अधिकारी ही त्रयी कुणाला परकी वाटेल असं नाही. याच भागात फेल्प्सवरून खेळाचं लक्ष थोडं हलतं, कथा एका माजी सैनिकाच्या हाती जाते, आणि तपासाऐवजी गोळीबार वाढतो. शेवटचे तास मला कंटाळवाणे वाटले. एखादी हाणामारी तीनदा हरलात तर ती सोडून पुढे जायची मुभा खेळ देतो. मी ती घेतली आणि मला त्याची लाज नाही.

शहराबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. खेळातलं शहर उभारण्यासाठी रॉबर्ट स्पेन्स यांनी विमानातून काढलेले लॉस एंजेलिसचे जुने फोटो वापरले गेले. त्यातून कुठल्या चौकात किती वर्दळ असायची, इमारती किती उंच, हे ठरवलं गेलं. १९२८चं सिटी हॉल दुरून दिसतं. बंकर हिलच्या चढावर एंजल्स फ्लाइट ही छोटी दोरखंडाची रेल्वे आहे, तिच्या मूळ जागी. प्रत्यक्षात ती १९६९मध्ये उखडली आणि १९९६मध्ये थोडी सरकवून पुन्हा सुरू केली. भोवतालची वस्ती मधल्या काळात पाडून टाकली गेली होती. म्हणजे खेळातलं हे शहर आज लॉस एंजेलिसमध्ये राहणाऱ्यालाही पाहता येत नाही. काही ठिकाणी सवलत घेतलीय. दिग्दर्शक ग्रिफिथच्या 'इनटॉलरन्स' या १९१६च्या मूकपटासाठी उभारलेला बॅबिलोनचा अवाढव्य सेट खेळात अजून उभा आहे आणि एका प्रकरणाचा शेवट त्याच्यावर चढून होतो. १९४७पर्यंत त्याचा मागमूसही उरला नव्हता. चूक म्हणावी तर इतकी देखणी की माफ. उलट 'निकल्सन इलेक्ट्रोप्लेटिंग' हे प्रकरण एका खऱ्या घटनेवर बेतलंय. २० फेब्रुवारी १९४७ला शहरातल्या ओ'कॉनर इलेक्ट्रोप्लेटिंग कारखान्यात स्फोट झाला, डझनाहून अधिक माणसं गेली, आजूबाजूची घरं कोसळली.

एवढ्या सुंदर शहरात करण्यासारखं मात्र फारसं काही नाही. गाडी चालवत हिंडा, वायरलेसवर येणाऱ्या छोट्या गुन्ह्यांमागे धावा, बस्स. एक छान सोय आहे: गाडीच्या दाराशी बटण दाबून धरलं की सहकारी गाडी चालवतो आणि तुम्ही थेट ठिकाणी पोहोचता. ती वापराच, पण दरवेळी नको. वाटेतल्या गप्पांत खुनाबद्दलचं सहकाऱ्याचं मत कळतं, आणि ते सहसा चुकीचं असतं, हेही कळतं.

हा खेळ बनायला सुमारे सात वर्षं लागली आणि तो बनवणारा स्टुडिओ खेळ बाजारात आला त्याच वर्षी बुडाला. प्रकाशनानंतर काही आठवड्यांतच माजी कर्मचाऱ्यांनी प्रदीर्घ कामाचे तास आणि वागणुकीबद्दल तक्रारी केल्या. काम करूनही श्रेयनामावलीत नाव न आलेल्या शंभराहून अधिक लोकांची यादी त्यांनी स्वतः इंटरनेटवर टाकली. २०११ संपण्याआधी टीम बॉन्डाय अवसायनात गेली. म्हणून २०१७चं रीमास्टर मूळ हातांनी केलेलं नाही. ते काम 'व्हर्च्युओस' या कंपनीकडे गेलं. चेहरे पुन्हा का टिपले गेले नाहीत, याचं एक साधं उत्तर हेही आहे: टिपणारं कुणी उरलंच नव्हतं.

तर खेळावा का? माझं मत, जरूर; पण कोणती आवृत्ती ते पाहून. स्विच, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर नवी बटणं मिळतात, पीसीवर अजून २०११चीच खरं-शंका-खोटं आहेत. त्यामुळे पीसीवर खेळणार असाल तर शंकेचं बटण म्हणजे 'दरडावा' हे मनाशी पक्कं करा, निम्मा वैताग वाचेल. सेटिंगमध्ये जाऊन पुराव्याजवळ वाजणारी सुरावट आणि कंट्रोलरची थरथर बंद करा, नाहीतर तपास तुम्ही न करता कंट्रोलरच करतो. चौकशीत चेहऱ्याकडे बघण्याआधी वही उघडा आणि तिच्यात काय आहे ते दोनदा वाचा. आणि घरात मुलं असतील तर एक सूचना: खून विभागातले मृतदेह विवस्त्र आणि जखमांसकट दाखवलेत. युरोपात या खेळावर १८ वर्षांवरील वयाचा शिक्का आहे, तो शोभेसाठी नाही.